‘लगेच’ची किल्ली

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी मेल उघडली तर ‘लगेच’बद्दल पुन्हा तक्रारींचा ढीग. एकाच्या नव्या लॅपटॉपवर चालत नाही. एकीचं चालतं, पण रंग बदलायला पापणी लवण्याएवढा वेळ लागतो म्हणे. अगं बाई, मग पापणी लवव की. एकानं सरळ लिहिलंय, सांभाळायचं नसेल तर लोकांना दिलं कशाला. फुकटचं खायचं आणि वर मीठ कमी म्हणून ओरडायचं.

लग्न होऊन सुहासबरोबर भवानीनगरच्या या क्वार्टरमधे आले तेव्हा केलेलं हे. नेट असं की वेबसाइटच्या थीममधला एक रंग बदलला तरी अख्खं पान परत लोड व्हायचं, तोवर चहा निवायचा. म्हणून स्वतःपुरतं हे सॉफ्टवेअर लिहिलं. स्टाइलशीट, म्हणजे रंगरूपाची फाइल, सेव्ह केली की पान जागचं हलायचं नाही, नुसता रंग बदलायचा. लगेच. म्हणून नावही तेच. मग वाटलं, ज्याला पाहिजे त्यानं वापरावं, आणि टाकलं नेटवर उघड्यावर.

तेव्हा हौस होती. आता दिवसभर घरून पुण्याच्या वेबसाइट एजन्सीचं काम, ते उरकलं की हे. सुहासला म्हटलं कंटाळा आला. तो म्हणाला, “बंद कर मग.” त्याचं बरंय. कारखान्याच्या लॅबमधे साखरेचे नमुने बघायचे, भोंगा झाला की घरी.

१० सप्टेंबर, बुधवार

माहेराहून, वडगावहून, आप्पांचा फोन. जयभीम म्हटल्याबरोबर गाऱ्हाणं सुरू. आपली विहीर आप्पा आणि नाना, दोघा भावांत सामाईक. पाळी बदलली की मोटरच्या पेटीची किल्ली विहिरीवर जाऊन हातात द्यायची. देताना सांगायचं, पाणी कुठवर आलंय, मोटर तापते का, कुठला पाइप गळतोय. आजोबांपासूनची रीत. नानांच्या पोरानं यावेळी किल्ली बाभळीच्या खिळ्याला अडकवली आणि गेला बारामतीला निघून.

“खिळा काय बोलतोय व्हय मला, पाणी कुठवर हाय ते?” आप्पा फणफणत होते. मी हं हं करत ऐकलं. एका हातानं एजन्सीच्या साइटचं बटण डावीकडून उजवीकडं सरकवत होते.

१३ सप्टेंबर, शनिवार

इंदापूरला क्लासला गेले. शनिवारचा हा एकच दिवस असा की घरी येताना डोकं दुखत नाही.

संगीताबाईंचा क्लास स्टँडजवळ, हार्डवेअरच्या दुकानावर. बंद पडलेल्या एका सायबर कॅफेच्या मशिनी उचलून आणल्यात त्यांनी. चालू झाल्या की पंख्यापेक्षा जास्त आवाज. बायका येतात गावागावांतून, दुकानांच्या वेबसाइटी बनवायला शिकतात. बाई बाकी सगळं शिकवतात, थीमचं माझ्याकडं.

या मशिनींवर नवी कुठलीच साधनं चालत नाहीत. चालतं ते माझं ‘लगेच’. ते मीच बसवून दिलंय. पडद्यावर एक चित्र ठेवलंय, त्यावर दोनदा दाबलं की चालू. दरवेळी प्रत्येक मशिनीपाशी बसायला नको म्हणून असं करून ठेवलंय की नवी आवृत्ती आली की आपोआप घेतं.

लासुर्ण्याची शालन सगळ्यांत पुढं. एसटीत माझ्याशेजारीच बसते, लासुर्ण्याच्या स्टॉपला चढली की इंदापूरपर्यंत प्रश्नच प्रश्न. तिचा नवरा बाळू हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवतो. हंगाम लागला की तो रस्त्यावर आणि घर, म्हातारी, जनावरं हिच्यावर. घरच्यांनी सांगितलंय, गाळप सुरू व्हायच्या आत एक तरी काम मिळव, न्हायतर क्लास बंद. म्हणजे तिच्याकडं दिवाळीपर्यंतचाच वेळ.

बाईंनी ठरवलंय, दुकानदारांना बोलवायचं. एकेक बाई एकेका दुकानदाराला घेऊन बसेल, त्याच्यासमोर त्याचं पान करून दाखवेल. आत्ता पितृपंधरवडा चालू, नव्या कामाला कोणी हो म्हणणार नाही. म्हणून सत्तावीस तारीख, नवरात्रातला शनिवार. शालनचं गिऱ्हाईक माणिकराव, उसाच्या रोपांची नर्सरी आहे त्यांची. तिनं स्वतः जाऊन गाठलंय.

१६ सप्टेंबर, मंगळवार

टोमासची पुन्हा मेल. हा कोण कुठला, युरोपातल्या कुठल्याशा गावचा. गेल्या वर्षापासून विचारतोय, ‘लगेच’ मी सांभाळू का. आधीच्या मेलना मी उत्तरच दिलं नव्हतं. यावेळी लिहिलंय की तुम्ही दमलेल्या दिसता.

परका माणूस, कधी बघितलं नाही, आणि बरोब्बर ओळखलं. इथं घरातल्यांना दिसत नाही. (सु.ला वाचून दाखवलं. म्हणाला, मला पण दिसतं, पण मी बोललो की तू चिडतेस. तेही खरंच.)

१८ सप्टेंबर, गुरुवार

देऊन टाकलं.

दुपारी कुकर लावला होता. एजन्सीचा फोन येऊन गेला, पुढचे सगळे शनिवार-रविवार तयार राहा, दिवाळीची सेल आहे. मेलमधे आणखी एक तक्रार. शिट्ट्या मोजायच्या विसरले, भात लागला. तशीच बसले आणि टोमासला मालकीचे सगळे अधिकार दिले. तिथं एक निरोप लिहायची जागा होती. लिहिलं, आता तुमचं, धन्यवाद. एवढंच. स्वतःचं नावही काढून टाकलं, म्हणजे परत कोणाची मेल यायला नको.

काहीच वाटलं नाही. करपलेला भात खरवडून टाकला, दुसरा लावला.

२० सप्टेंबर, शनिवार

क्लासला रंगीत तालीम. बाई झाल्या माणिकराव. खुर्चीत मागं रेलून, पाय पसरून, “हा रंग मला न्हाय आवडला” म्हणत सगळ्यांना हसवलं. शालन हसली नाही. रंग बदलला, सेव्ह केलं, समोरचं पान बदललं. पुन्हा नाही आवडला. पुन्हा बदललं.

बाईंचं म्हणणं बरोबर आहे. त्या म्हणतात, साडीच्या दुकानात घड्या मोडून दाखवल्याशिवाय कोण साडी घेतं? गिऱ्हाइकानं तोंडातनं शब्द काढला आणि डोळ्यासमोर रंग बदलला की त्याला वाटतं हे माझं आहे. तेच रिफ्रेश करून या मशिनीवर पांढऱ्या पानाकडं बघत बसलं की त्याला वाटतं, हिला येत नाही.

येताना शालननं पिशवीतून कणसं काढून दिली. म्हणाली, “ताई, तुमी हितं असल्या म्हंजे मला भ्या न्हाय.” सत्तावीसला येणारच म्हटलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

या आठवड्यात ‘लगेच’ची एकही मेल नाही. सकाळी चहा गरम प्यायले. सु. म्हणाला, चेहरा उतरलेला होता तो जरा वर आलाय.

टोमासनं नवी आवृत्ती काढली म्हणे, कुठंतरी दिसलं. बरीच साफसफाई केली असं लिहिलेलं. वाचलं नाही. आपला काय संबंध आता.

२७ सप्टेंबर, शनिवार

आजचं सगळं लिहून ठेवते.

सकाळी निघणार तोच एजन्सीचा फोन, एका गिऱ्हाइकाची सेलची साइट कोसळली, सगळ्यांनी मीटिंगमधे या. बाईंना कळवलं, येऊ शकत नाही, तुम्ही सांभाळून घ्या, सगळं चालू आहेच. मग हेडफोन घालून बसले, मोबाईल उलटा ठेवला.

उठले तेव्हा बाईंचे फोनच फोन येऊन गेलेले. लावला. बाईंचा आवाज बसलेला. सकाळपासून एकाही मशिनीवर ‘लगेच’ चालू होत नाही. चित्रावर दाबलं की काळी खिडकी येते आणि जाते. ज्यांचे दुकानदार ओळखीचे होते ते चहा पिऊन, पुढच्या वेळी बघू म्हणून गेले. माणिकराव तसे नाहीत.

ते म्हणाले, हिरवं लई फिकं हाय, खत न घातलेल्या उसावानी. शालननं तरी गडद केलं, सेव्ह केलं. पान तसंच. परत सेव्ह. तसंच. तिनं रिफ्रेश केलं तर पान पांढरं, आणि पांढरंच. तिच्या कपाळावरनं घाम गळत होता असं बाई म्हणाल्या. माणिकराव थांबले, मग उठले आणि म्हणाले, “आधी नीट शिका, बाई. मग बोलवा.”

सगळ्यांसमोर. शालन पर्स घेऊन खाली उतरली ती परत वर आलीच नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

इंदापूरला गेले. बाईंनी क्लास उघडून दिला. मशीन चालू केलं आणि काळ्या खिडकीतल्या दोन ओळी वाचल्याबरोबर कळलं.

टोमासनं जुन्या मशिनींवर चालण्यापुरता जो भाग होता तो काढून टाकलाय. ती साफसफाई. आणि माझ्या मशिनींनी नवं आलं म्हणून मुकाट्यानं घेतलं, कारण मीच तसं सांगून ठेवलं होतं. मीच दिलं, मीच न सांगता दिलं, आणि मीच दार उघडं ठेवलं. त्या माणसाला काय माहीत इंदापुरात हार्डवेअरच्या दुकानावर कोण बसतं.

जुनी आवृत्ती परत बसवली, आपोआप घ्यायची ओळ खोडली. अर्ध्या तासाचं काम. हे आधी केलं असतं तर.

बाईंनी विचारलं, काय झालं होतं? मी म्हटलं, नेटचा प्रॉब्लेम.

तोंडातून निघून गेलं. नंतर एसटीत बसल्यावर स्वतःचीच किळस आली.

३० सप्टेंबर, मंगळवार

शालनला फोन केला. उचलला नाही. मेसेज केला, मशिनी चालू झाल्यात, शनिवारी ये. दोन निळ्या रेघा आल्या. उत्तर नाही.

एजन्सीची साइट उभी राहिली. साहेबांनी ग्रुपवर अंगठा टाकला.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

वडगावला. सकाळी विहारात वंदना, पांढऱ्या साडीला इस्त्री करून नेली होती ती एसटीत चुरगळली. आईनं खीर केलेली. जेवण झाल्यावर आप्पा म्हणाले, चल विहिरीवर, पाळी बदलायचीय.

नाना आधीच येऊन बसलेले. दोघं भाऊ गेले तीन आठवडे एकमेकांशी धड बोलत नाहीत, त्या खिळ्यापायी. तरी आप्पांनी किल्ली हातात दिली आणि सांगितलं, पाणी खाली गेलंय, दुपारी मोटर बंद ठेवा, आवाज बदलला की लगेच बंद करा. नानांनी मान हलवली. किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. झालं. भांडण तसंच, पण पाणी कुठवर आहे ते कळलं.

येताना बांधावर आप्पांना सगळं सांगितलं. त्यांना स्टाइलशीट काय ते माहीत नाही, पण पाळी माहीत आहे. मग म्हणाले, “दमलीस म्हणून दिलंस, त्यात काय न्हाय. दमतो माणूस. पर देताना बोलली न्हाईस.”

मी बांधावरच रडले. आप्पा बाजूला उभं राहून शेतात बघत होते, मला वेळ देत होते.

४ ऑक्टोबर, शनिवार

एसटीत शेजारच्या सीटवर पर्स ठेवली. लासुर्ण्याच्या स्टॉपला वाकून बघितलं. दोन म्हाताऱ्या चढल्या, एक माणूस गोणी घेऊन. शालन नव्हती. त्यातली एक म्हातारी म्हणाली, “पर्स काढ की बाय, तिचं काय तिकीट काढलंय का?” काढली.

क्लासला बाकीच्या आल्या होत्या. हार्डवेअरवाल्यानं स्वतःच्याच दुकानाचं पान करायला दिलंय एकीला. चांगलं झालं. शालनची खिडकीजवळची खुर्ची रिकामी. कोणी बसलं नाही.

बाई म्हणाल्या, तिला वाटतं तिच्याच हातनं काहीतरी दाबलं गेलं आणि सगळ्या मशिनी बंद पडल्या. फोनवर रडली म्हणे त्यांच्याजवळ. डाळिंबाच्या पॅकिंगला जाते म्हणाली.

मी पायऱ्यांवर बाईंना खरं सांगितलं, दोष नेटचा नव्हता, माझा होता. बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, “मला सांगून काय उपयोग?” आणि वर गेल्या.

६ ऑक्टोबर, सोमवार

टोमासला लिहिलं. पहिल्यांदा रागानं लिहिलं, मग खोडलं. राग कशाचा त्याच्यावर. नवी वेगळी प्रत काढून, नवं नाव ठेवून परत स्वतः चालू करता येईल, तो काही अडवणार नाही. पण म्हणजे परत पहिल्यापासून सगळं तेच, आणि वापरणारी माणसं दोन ठिकाणी फुटणार. म्हणून सरळ सगळं लिहिलं. क्लास, मशिनी, शालन, माणिकराव, फिकट हिरवा. लिहिता लिहिता लक्षात आलं, हेच अठरा तारखेला लिहायला हवं होतं.

८ ऑक्टोबर, बुधवार

उत्तर आलं. लांबलचक. म्हणतो, असल्या मशिनींवर जगात आता कोणी नसेल असं वाटलं. त्याला वाईट वाटलंय, पण एक वाक्य असं लिहिलंय की ते मी परत परत वाचलं. तुम्ही मला कोणाबद्दलच काही सांगितलं नाही, मी विचारायला हवं होतं, पण तुम्ही नावसुद्धा काढून गेलात.

तोही नोकरी करून हे करतो. या तीन आठवड्यांत त्यालाही ढीगभर तक्रारी आल्यात. पापणीवाली बाई आता त्याच्याकडं गेलीय. वाचून हसू आलं, आणि दयाही.

त्यानं मला परत येण्याचं आमंत्रण पाठवलंय, पूर्ण अधिकारांसकट. हवं तर सगळं परत घ्या, हवं तर दोघं सांभाळू, पण एकदा तोंड बघून बोलू. मेलमधे बटण आहे, मुदत संपायच्या आत दाबायचं.

दाबलं नाही. चहा गरम प्यायची इतकी लवकर सवय लागते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

एजन्सीला सुट्टी टाकली. पोट दुखतंय म्हणून सांगितलं. लासुर्ण्याला गेले.

शालन गोठ्यापाशी गवत कापत होती. मला बघून विळा थांबला, परत सुरू झाला. म्हणाली, “ताई, माज्या हातनं काय दाबलं गेलं आसंल तर बाईंना सांगा, मी भरून देईन.”

मी उभ्या उभ्याच सांगितलं. सगळं. मी दुसऱ्याला देऊन टाकलं होतं, त्याला तुमच्याबद्दल सांगितलं नाही, मशिनींना नवं घ्यायला मीच सांगून ठेवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी कळूनही खोटं बोलले.

ती कापत राहिली. मग म्हणाली, “म्हंजे मी न्हाय बिघडवलं.”

“नाही. तुझं काहीच चुकलं नाही.”

“मग त्याच दिशी का न्हाय सांगितलं? दहा-बारा दिस झालं. सासूबाई रोज म्हनत्यात, मशिनीला हात लावायची आपली पायरी न्हाय. मी पन म्हनायला लागले की तसं.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “आता मी घरात सांगितलं तर म्हनतील, ताईनं पढवलंय.”

बाळू अंगणात ट्रॅक्टरला ग्रीस देत होता. तो उठून आला, हात फडक्याला पुसत म्हणाला, “तुमीच सांगा की आईला. माज्यासमोर सांगा.”

मग ओसरीत बसून म्हातारीसमोर सगळं परत सांगितलं. ती पानाला चुना लावत ऐकत होती. शेवटी सुनेकडं बघून, “च्या ठेव बाईला,” म्हणाली.

चहा देताना शालननं विचारलं, आता ते कुणाकडं हाय? म्हटलं, परदेशातल्या एका माणसाकडं. तुमी बघितलाय का त्याला? नाही. ती हसली, पण ते हसणं काही चांगलं नव्हतं. वळख न्हाय पाळख न्हाय, आन् देऊन टाकलं, म्हणाली.

तो परत द्यायला तयार आहे म्हटलं. तिनं कपबशी खाली ठेवली.

“त्या मानिकरावाला मी परत तोंड दाखवायचं, तर माज्या मागं कोनतरी पायजे. तुमी परत घेनार आसलात तर मी येते शनवारी. न्हायतर न्हाय येनार. उगं आशेला लावू नका.”

घेते म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं ते, “बघते.” तिनं मान हलवली, कपबश्या उचलल्या.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सु.ला विचारलं, काय करू? म्हणाला, “तू घेतलंस की परत चिडचिड करणार, आणि नाही घेतलंस तरी चिडचिड करणार. मग घेऊनच चिडचिड कर.” याला साखरेच्या लॅबमधे कशाला ठेवलाय, काय माहीत.

जेवणाच्या सुट्टीत टोमासशी व्हिडिओवर बोलले. पहिल्यांदा चेहरा बघितला. लोकरीची टोपी, मागं स्वयंपाकघर, खिडकीत कांद्याच्या माळा टांगलेल्या. आपल्याकडच्यासारख्याच. माझ्याएवढाच थकलेला दिसला, डोळ्याखाली काळं.

मी एकेक सांगत गेले. कुठल्या मशिनींवर चालतं, कुठं अडतं, कोणती जागा हळवी आहे, कुठं हात लावायचा नाही. कोण वापरतं, जेवढं मला माहीत होतं तेवढं. तो लिहून घेत होता. मधेच विचारलं, शालन आता कशी आहे? नाव नीट उच्चारता येत नव्हतं, पण लक्षात ठेवलं होतं.

ठरलं, दोघांनी. जुन्या मशिनींवर चालण्याचा तो भाग परत घालायचा, ते मी बघायचं. नवं त्यानं. एकमेकांशी बोलल्याशिवाय काही काढायचं नाही.

बटण दाबलं. आलं परत गळ्यात, निम्मं का होईना. आनंद वगैरे काही झाला नाही, खांदे दुखायला लागले. संध्याकाळपर्यंत मेलमधे तक्रारी आल्यासुद्धा, पापणीवालीची सगळ्यांत वर.

शालनला मेसेज केला, घेतलं. निळ्या रेघा. उत्तर नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

एसटीत पर्स ठेवली शेजारी. लासुर्ण्याला कोणीच चढलं नाही, कंडक्टरनं घंटी मारली. पर्स मांडीवर घेतली. निमगावपर्यंत बाहेर बघत राहिले. मनात म्हटलं, पोरीनं एकदा विश्वास टाकला होता, दुसऱ्यांदा का टाकावा.

क्लास सुरू झाला. हजेरीला बाईंनी तिचं नाव घेतलं आणि थांबल्या. पुढचं नाव घेतलं.

बऱ्याच वेळानं खाली मोटरसायकल थांबली. जिन्यावर पावलं. शालन. खिडकीतून बघितलं, बाळू खालीच गाडीवर बसून होता, ग्रीसचेच कपडे. ती कोणाकडं न बघता आपल्या खुर्चीत बसली, मशीन चालू केलं. मशीन चालू व्हायला लागतो तेवढा वेळ हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

माणिकरावांचं पान उघडलं. फिकट हिरवा. गडद केला, सेव्ह केलं. बदलला. आणखी गडद, सेव्ह. बदलला. मग परत फिकट करून बघितला, तोही बदलला. असं किती वेळ चाललं होतं. मी शेजारी उभी होते, पण तिनं माझ्याकडं बघितलं नाही. शेवटी एका हिरव्यावर थांबली. खत घातलेला ऊस असतो तसा, काळपट.

मग पर्समधून मोबाईल काढला.

“ताई, हितंच थांबा,” म्हणाली. माणिकरावांचा नंबर लावला आणि फोन कानाला न लावता टेबलावर ठेवला, स्पीकर चालू करून. बाकीच्या बायकांचे हात कीबोर्डवर तसेच राहिले. बाई फळ्यापाशी खडू धरून उभ्या.

रिंग जात होती.